सफारीविना एक दिवस: विदर्भातल्या जंगलाकाठी मुक्काम करून निवांत वन्यजीव पाहण्याची पद्धत

केरळातलं किंवा ईशान्येकडचं वर्षावन बारमाही ओलं असतं. पाणी सगळीकडे आणि पानांची दाटी इतकी, की प्राणी वीस फुटांवर असला तरी दिसत नाही. विदर्भातलं जंगल पानगळीचं. फेब्रुवारीनंतर नाले आटू लागतात, साग, ऐन, धावडा, सालई उघडे पडतात, नजर झाडांमधून दूरवर आत जाते आणि उरलेल्या मोजक्या पाण्यावर सगळ्यांना यावंच लागतं. त्यामुळे इथे प्राण्यामागे हिंडणाऱ्यापेक्षा पाण्याजवळ बसून राहणाऱ्याला जास्त दिसतं. लागोपाठ दोन सफाऱ्या करून मान आखडून, धूळ खाऊन परतणारे पर्यटक वाघाचा फोटो घेऊन जातात, पण ज्या होमस्टेत उतरले त्याच्या मागच्या उंबरावर काय काय येऊन गेलं हे त्यांना ठाऊक नसतं. ही माहिती जिप्सीत न बसता, जंगलाला लागून असलेल्या गावात किंवा निसर्ग निवासात एक पूर्ण दिवस घालवू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

जागा आणि महिना

ताडोबाचं बफर (मधल्या राखीव गाभ्याभोवतीचा पट्टा), पेंच, नवेगाव-नागझिरा आणि मेळघाट या चारही ठिकाणी गावाकाठचा मुक्काम मिळतो, पण चारही जागा सारख्या नाहीत. आगरझरी, मोहर्ली, कोलारा ही ताडोबाकडची गावं वाघासाठी प्रसिद्ध आहेत. तिथे गर्दीही तेवढीच, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी पाच वाजल्यापासून गाड्यांचा आवाज. निवांतपणा हवा असेल तर शनिवार-रविवार टाळा. मंगळवारी ताडोबाचा गाभा पर्यटकांसाठी बंद असतो, आणि ज्याला सफारी करायचीच नाही त्याच्यासाठी हाच सगळ्यात चांगला वार.

पक्ष्यांसाठी आमचा कल भंडारा-गोंदियाकडे. या भागात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडचे मामा तलाव, गावोगाव आहेत. कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी धानाच्या शेतीसाठी ते बांधले. उथळ काठ, कमळं, पाळीवर जुनी झाडं आणि पलीकडे जंगल अशी रचना असल्यामुळे एका जागी बसून पाणपक्षीही दिसतात आणि रानातलेही. गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांध्यांमध्ये सारसाची जोडी दिसू शकते. राज्यात हा पक्षी फारच थोडा उरला आहे, म्हणून दुर्बिणीतूनच पाहायचा. त्याने मान ताठ करून तुमच्याकडे बघायला सुरुवात केली की तुम्ही जास्त जवळ आलात असं समजा आणि मागे सरा. पावसाळ्यात तो घरट्यावर असतो, तेव्हा बांधीत उतरूच नका.

मेळघाट वेगळा. सेमाडोह, कोलकासकडे सिपना नदीचा काठ आणि उतारावरचं सागवान आहे. चिखलदरा सुमारे 1100 मीटर उंचीवर असल्याने मे महिन्यातही रात्री अंगावर पांघरूण लागतं. 1997 साली पुन्हा सापडलेला रानपिंगळा मेळघाटात आहे. गावातल्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं. तो दिवसाही हिंडतो, त्यामुळे सकाळी उघड्या फांदीवर बसलेला पिंगळा दिसला तर नीट पाहून घ्या.

पहिल्यांदाच येणाऱ्याने फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य निवडावा. पळस आणि सावर फुललेली असते, ऊन सोसवतं आणि पाहुणी बदकं अजून गेलेली नसतात. फुललेल्या सावरीखाली तासभर बसलं तर हळद्या, टकाचोर, कोतवाल, मैना, शिंजीर आणि वर फुलं खाणारी वानरं एवढं सगळं एकाच झाडावर दिसतं. एप्रिल-मेमध्ये प्राणी पाण्यावर हमखास येतात, पण चंद्रपुरात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. लहान मुलं आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर तेव्हा येऊ नका. पावसाळ्यात गाभा बंद असतो, पण गावाकाठी नवरंग, बेडूक, कोळी आणि पतंग यांचे दिवस असतात. ऑक्टोबर दिसायला देखणा, पण गवत छातीएवढं असतं आणि दिसत काहीच नाही. शिवाय पावसाळ्यानंतरच्या या दिवसांत गवतातल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस होतो. त्या काळात गवतावर बसणं टाळा आणि परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा. न सांगितल्यामुळे निदानाला उशीर होतो.

खोली ठरवण्याआधी फोनवर विचारायचे प्रश्न

खोलीत एसी आहे का, याच्या आधी विचारा: बसायच्या जागेपासून सर्वांत जवळचं पाणी किती दूर आहे आणि मे महिन्यात ते टिकतं का? रात्री आवारातले दिवे बंद होतात का? साउंड बॉक्स लावू देता का? या शेवटच्या प्रश्नाला "लावू की जी, तुमची हौस आहे तर" असं उत्तर आलं तर दुसरी जागा बघा, कारण शेजारच्या खोलीतल्यांचीही हौस असणारच.

मोकळी कुत्री किती आहेत, हेही विचारून घ्या. कुत्र्यांमुळे चितळं जवळ येत नाहीत, आणि बिबट मात्र त्या कुत्र्यांसाठीच येतो. खरकटं कुठे टाकतात? उघड्या खड्ड्यात टाकत असतील तर रात्री रानडुकरं येतील. "आमच्याकडे अंगणात जनावरं येतात" अशी जाहिरात याच्याच जोरावर केली जाते, ती टाळावी. मच्छरदाणी, पलंग आणि गावातलाच गाईड या तीन गोष्टींना होकार मिळाला की आगाऊ पैसे द्या.

दुर्बीण: विकत घ्या किंवा मागून आणा, पण आधी जुळवा

निवांत बसून बघायचं तर कॅमेऱ्यापेक्षा दुर्बीण महत्त्वाची. 8×42 घ्या. 8 म्हणजे आठपट मोठं दिसणं, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. 42 ला 8 ने भागलं की सव्वापाच मिलिमीटर येतात. डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत एवढा रुंद असतो आणि पहाटेच्या अंधुक उजेडात तोच कामाला येतो. खिशात मावणाऱ्या 8×21 मध्ये हाच आकडा अडीचच्या आसपास, म्हणून सकाळी सहाला तिच्यातून सगळं काळं दिसतं. 10 पटीची दुर्बीण दुकानात भारी वाटते, पण हाताचा कंपही दहापट दिसतो आणि पाच मिनिटांत दंड भरून येतात.

"यातून धूसरच दिसतं" ही तक्रार बहुतेक वेळा दुर्बिणीची नसते, ती जुळवलेली नसते. आदल्या संध्याकाळी हे करून ठेवा:

1. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडी आत वळवा, नसेल तर बाहेर काढा. उलटं केलं तर कडेला काळ्या सावल्या येतात.
2. दोन्ही नळ्या बिजागरीवर जवळ-दूर करा, दोन वर्तुळांचं एकच वर्तुळ दिसेपर्यंत.
3. तीस-चाळीस पावलांवरची पाटी धरा. उजवा डोळा मिटा आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला पाटी स्पष्ट करा.
4. आता डावा डोळा मिटा. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. त्या कडीवरचा आकडा लक्षात ठेवा, तो तुमच्या डोळ्यांचा आहे.

यानंतर दिवसभर फक्त मधलं चाक फिरवायचं. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच ठेवा आणि दुर्बीण वर आणून डोळ्यांपुढे धरा. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधणारा तो उडेपर्यंत शोधतच राहतो.

बाकी सामान थोडकंच: मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, उन्हाळ्यात डोक्याला शेला, पायमोजे, बंद बूट, बसायला चटई किंवा घडीची खुर्ची, माणशी तीन लिटर पाणी (मेमध्ये पाच), वही, लाल कागद चिकटवलेला टॉर्च. अत्तर नको.

पहाट

मे महिन्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, डिसेंबर-जानेवारीत पावणेसातला. उगवण्याच्या अर्धा तास आधी उठा, पण आवाराबाहेर पाऊल टाकू नका. हा नियम मोडू नका. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या जिल्ह्यांत वाघ फक्त व्याघ्रप्रकल्पात राहत नाहीत, गावाच्या शिवारातही असतात. मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचण्याच्या दिवसांत हल्ले होतात. अंधुक उजेडात वाकून किंवा उकिडवं बसलेला माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखा दिसू शकतो. मोह फुलला असेल तर त्याखाली पहाटे अस्वलही असतं. त्याची नजर आणि कान फारसे तीक्ष्ण नाहीत, त्यामुळे माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि मग ते दचकून अंगावर येतं. म्हणून पहाट ओसरीवर किंवा गच्चीवर, चहाचा कप हातात धरून, फक्त कानांनी ऐकण्यात घालवा.

ऐकायचं काय? आधी रातव्याचा टकटकाट थांबतो, मग मोर, रानकोंबडा, दयाळ, कोतवाल. या सगळ्यात धोक्याचे आवाज, म्हणजे गाईड मंडळींचे 'कॉल', वेगळे ओळखता आले पाहिजेत. चितळाचा इशारा तोकडा, चिरका, शिट्टीसारखा. पण चितळ भित्रं, ते कुत्र्यालाही ओरडतं, म्हणून एकट्या चितळावर विसंबू नये. वानर झाडाच्या शेंड्यावरून खोकल्यासारखं खाकरतं आणि धोका ज्या दिशेला असतो तिकडे तोंड करून बसतं, त्यामुळे दिशा त्याच्याकडून कळते. सांबराचा 'पोंक' मात्र सहसा फुकट जात नाही. तो थांबून थांबून येत राहिला तर वाघ, बिबट किंवा रानकुत्री जवळपास आहेत असं धरून चाला. नवख्यांची हमखास फसगत होते ती उन्हाळ्यात: माजावर आलेला नर चितळ लांबलचक, घोगरी आरोळी पुन्हा पुन्हा देतो, आणि लोक 'कॉल, कॉल' म्हणत उठतात. ती माद्यांसाठी असते.

सकाळ: तलावाची पाळ

चांगलं उजाडल्यावर, गाईडसोबत, तलावाकडे निघा. वाटेत धुऱ्यावरच्या मऊ मातीत ठसे बघा. मांजरकुळातल्या प्राण्यांची नखं चालताना आत असतात, म्हणून वाघ-बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. कुत्रा, कोल्हा, तरस यांच्या ठशात उमटतात. अस्वलाचा मागचा पाय अनवाणी माणसाच्या पावलासारखा, पुढे लांब नखांच्या खुणा. एकाच जागी लेंड्यांचा मोठा ढीग असेल तर तो रोह्याचा, म्हणजे नीलगाईचा. नीलगाय रोज त्याच ठिकाणी येते. बिया भरलेली विष्ठा उदमांजराची किंवा अस्वलाची, आकारावरून ठरवा. झुडपामागचं दिसत नसेल अशा वळणावर मोठ्याने बोलत जा. इथे शांतता पाळण्यात शहाणपण नाही.

पाळीवर पोचल्यावर सूर्य पाठीशी येईल अशी जागा घ्या. समोरून ऊन आलं तर सगळे पक्षी काळ्या आकृत्या होतात आणि ओळखायला फक्त आकार उरतो. चिमूटभर कोरडी माती हवेत सोडून वारा बघा. तो तुमच्याकडून पाण्याकडे जात असेल तर पक्षी दिसतील, पण सस्तन प्राणी तुमचा वास घेऊन मागच्या मागे वळतील. झाडाच्या बुंध्याला टेकून बसा म्हणजे तुमची आकृती आकाशावर उठून दिसत नाही.

पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच घडणार नाही. तुमच्या येण्याने उठलेले सगळे परत स्थिरावायला एवढा वेळ लागतोच. बहुतेक लोक नेमके याच वेळी "इथे काही नाही" म्हणून उठतात आणि दुसरीकडे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. कमीत कमी दीड तास एका जागी बसा. आधी बगळे आणि ढोकरी परततात, मग कमळाच्या पानांवर कमळपक्षी, लव्हाळ्यातून जांभळी पाणकोंबडी. हिवाळ्यात मधल्या पाण्यात अडई, थापट्या, तलवार बदक. टिटवी अचानक ओरडत उठली तर पाण्याकडे नको, ती जिथून उठली तिथल्या गवताकडे बघा. तिथे काहीतरी चालत असतं. मुंगूस असेल, कोल्हा असेल, बहुतेकदा गुराखीही असतो.

नऊनंतर परत फिरा. वाटेत उंबर, वड किंवा पिंपळ फळलेला दिसला तर ती जागा वहीत नोंदवा, संध्याकाळी तिथेच बसा. राखी धनेश, तांबट आणि आपला राज्यपक्षी हरियाल असल्या झाडावर दिवसभर खात असतात. हरियाल पानांत इतका मिसळतो की खाली पडणाऱ्या फळांचा टपटप आवाज ऐकूनच त्याला शोधावं लागतं.

दुपार: परळातलं पाणी

जेवण साधं सांगा: ज्वारीची भाकर, झुणका किंवा पातोडीची भाजी, पूर्वेकडे असाल तर भात आणि लाखोळीचं वरण, वर ताक. सावजी रस्सा रात्रीसाठी ठेवा, नाहीतर दुपार झोपण्यातच जाईल. झोपायला हरकत नाही, पण अकरा ते एक आणि साडेतीन ते पाच या वेळा जागं राहा. उन्हाळ्यात पक्षी याच वेळांत पाण्यावर येतात.

मुक्कामाच्या जागी पक्ष्यांचं पाणी ठेवलेलं नसेल तर दहा मिनिटांत ठेवता येतं. दीड फूट रुंदीचं मातीचं उथळ परळ घ्या. मधोमध पाणी दीड-दोन इंचांपेक्षा खोल नको, लहान पक्षी खोल पाण्यात उतरत नाहीत. आत एक खडबडीत दगड ठेवा. परळ सावलीत, पण झुडपापासून सहा-सात फूट लांब. अगदी खेटून ठेवलं तर मांजर दबा धरतं, फार उघड्यावर ठेवलं तर शिक्रा झडप घालतो. वर फांदीला छोटा माठ टांगा, तळाला बारीक छिद्र, त्यात सुताची वात. सेकंदाला एक थेंब पडला तर तासाला साधारण पावणेदोनशे मिलीलिटर पाणी जातं, म्हणजे दोन लिटरचा माठ दिवस काढतो. थेंबाचा आवाज दुरून पक्षी खेचतो, ही यातली खरी युक्ती. पाणी रोज बदला, साचून राहिलं तर आठवड्याभरात डास निघतात.

बसायचं वीस फुटांवर, ओसरीच्या सावलीत. आधी सातभाई गलका करत येतात. ते उतरले की बाकीच्यांना जागा सुरक्षित वाटते. मग बुलबुल, दयाळ, शिंपी. स्वर्गीय नर्तक उशिरा येतो आणि फांदीवरून सूर मारून, पाण्याला क्षणभर स्पर्श करून परत फांदीवर. नराचं लांब पांढरं शेपूट बघायचं तर परळ सोडून त्याच्या फांदीवर दुर्बीण लावून ठेवा. सगळे एकदम गप्प होऊन उडाले तर वर पाहा, शिक्रा आलेला असतो.

मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या काळात तो हद्द राखायला घरटं सोडून येतो आणि तेवढ्यात अंडी उघडी पडतात. वानराला केळं देणाऱ्याला पुढच्या पाहुण्यांनी शिव्या द्याव्यात, कारण पिशवी हिसकायला ते त्यातूनच शिकतं.

संध्याकाळ

साडेचारच्या आत मचाणावर चढलेलं असावं. उशिरा गेलात तर जनावरं आधीच पाण्याच्या वाटेवर असतात आणि तुम्ही त्यांना उठवता. मचाण नसेल तर फळलेलं झाड किंवा शेताकडेची गच्ची चालेल. शेतातल्या जागलीच्या माळ्यावर मालकाला विचारून बसा आणि कुंपणाला हात लावू नका, रानडुकरांसाठी बऱ्याच ठिकाणी तारेत झटका सोडलेला असतो. चिवड्याची कुरकुरीत पाकिटं खालीच ठेवा. खोकला येत असेल तर लवंग तोंडात धरा. बोलायचंच झालं तर कुजबुजू नका, कुजबुजीतला 'स' जास्त लांब ऐकू जातो. अगदी खालच्या, सपाट आवाजात बोला.

चितळं पाण्यावर यायला बराच वेळ लावतात. दोन पावलं, थांबणं, कान फिरवणं. त्या वेळी कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला तर सगळा कळप तहानलेलाच परत जातो. सूर्य मावळला की खाली उतरा. रात्री मचाणावर बसायची हौस असेल तर वनविभागाचा 'निसर्ग अनुभव' हा बुद्धपौर्णिमेच्या रात्रीचा कार्यक्रम आहे. त्यासाठी रीतसर नोंदणी करावी लागते.

रात्र

पेंचला असाल तर सिल्लारी-वाघोलीकडचं आकाश सोडू नका. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्रप्रकल्प जानेवारी 2024 मध्ये देशातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला आणि त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे खाली वळवले गेले. अमावास्येच्या अलीकडचे-पलीकडचे चार-पाच दिवस निवडा. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलचा पडदा एकदा पाहिला की ती सगळी वाया जातात. टॉर्चला लाल कागद याचसाठी.

इतर ठिकाणी, पावसाळ्याच्या तोंडावर किंवा पावसाळ्यात, पतंगांचा पडदा लावा. दोन खांबांमध्ये पांढरी सुती चादर ताणायची आणि पुढे साधा पांढरा दिवा ठेवायचा. साडेसात ते साडेनऊ ही वेळ उत्तम, चांदण्या रात्री फारसं काही येत नाही. ऐन-अर्जुनाची झाडं जवळ असतील तर टसरचा मोठा पतंग येऊ शकतो, पंखांवर डोळ्यांसारखे गोल असलेला. त्याला खायला तोंडच नसतं म्हटलं तरी चालेल, सगळं आयुष्य काही दिवसांचं, म्हणून त्याला पकडून ठेवू नका. दहाच्या आत दिवा बंद करून चादर हलकेच झटका. दिवा रात्रभर ठेवला तर पहाटे कोतवाल आणि बुलबुल तिथे बसून एकेक टिपतात.

झोपताना जमिनीवर गादी टाकू नका. मण्यार रात्री फिरतो, घरात शिरतो आणि त्याच्या दंशाने बरेचदा दुखतही नाही, त्यामुळे झोपेत चावल्याचं कळायला उशीर होतो. पलंगावर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. डास गडचिरोली आणि मेळघाटाकडे मलेरियाही देतात. सकाळी बूट उपडे करून झटकल्याशिवाय पाय घालू नका. दंश झालाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, मांत्रिकाकडे नेणं यात वेळ घालवू नका. हातपाय हलू न देता झोपवा, 108 ला फोन करा आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात न्या. ते रुग्णालय कोणत्या गावात आहे आणि तिथवर किती वेळ लागतो, हे घरमालकाला आल्याच दिवशी विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बऱ्याच गावांत मोबाईलला रेंज नसते, तेव्हा ती कुठे येते हेही त्याच पानावर.